ट्रेलरमध्ये चार्जिंग पॉइंट वाढवताना आधी वायर बघा, मग सॉकेट

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत राहणाऱ्या एका कुटुंबाने २४ फुटी, ३० अँपिअरचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला आहे. पुढे बेडरूम, मधे बैठकीचं टेबल, मागे मुलांचे दोन बंक, म्हणजे झोपायचे बर्थ. बंकपाशी एकही पॉइंट नाही, बेडपाशी एकच आहे, आणि जुन्या यूएसबी सॉकेटवर फोन रात्रभर लावला तरी पूर्ण भरत नाही. दोन लॅपटॉप, चार फोन, एक टॅबलेट. मुक्काम बहुतेक वेळा वीज नसलेल्या जागी. भिंतीतले प्लग पॉइंट काढून तिथे यूएसबीवाले बसवावेत का, आणि कसे?

तुमची अडचण भिंतीतले १२० व्होल्टचे पॉइंट बदलून सुटणार नाही. फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप यांचं चार्जिंग सरळ १२ व्होल्टवर घ्या, आणि १२० व्होल्टचे पॉइंट दुरुस्त करायचे ते सुरक्षिततेसाठी करा. ही दोन कामं वेगळी आहेत आणि दोन्हींत चुका करायच्या जागाही वेगळ्या आहेत.

कारण असं. ट्रेलरमध्ये दोन वीजव्यवस्था एकाच भिंतीत नांदतात. १२० व्होल्टची कॅम्पग्राउंडच्या खांबावरून किंवा जनरेटरवरून येते. १२ व्होल्टची बॅटरीतून येते, आणि बाहेरची वीज जोडलेली असली की कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे १२ करणारं यंत्र) तिला साधारण १३.६ व्होल्टवर धरून ठेवतो. वीज नसलेल्या जागी भिंतीतले पॉइंट मेलेले असतात, त्यातल्या यूएसबीसकट. इन्व्हर्टर (बॅटरीच्या १२ व्होल्टचे १२० करणारं यंत्र) लावला तर ते जिवंत होतील, पण मग बॅटरीचे १२ व्होल्ट १२० होणार, लॅपटॉपचा चार्जर ते परत २० वर आणणार, आणि दोन्ही ठिकाणी गळती होणार. शिवाय एक-दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १० वॅट किंवा त्याहून जास्त खातो. दिवसभराचे ते २४० वॅट-तास होतात, म्हणजे बॅटरीतले सुमारे २० अँपिअर-तास, काहीही चार्ज न करता. ट्रेलरसोबत आलेली साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी ७५-८० अँपिअर-तासांची असते आणि तिचा निम्माच भाग वापरायचा असतो. म्हणजे निम्मी शिदोरी इन्व्हर्टरच खाऊन टाकतो.

तुमचा रोजचा हिशेब मांडून बघा. फोनची बॅटरी सुमारे १५ वॅट-तास, चार फोनांचे ६०. टॅबलेट ३०. लॅपटॉप प्रत्येकी ६० धरले आणि दोन्ही दिवसातून एकदा पूर्ण भरले तर १२०. एकूण २१०, दहा-पंधरा टक्के गळती धरून २४० च्या आसपास. १२ व्होल्टवर हे २० अँपिअर-तास झाले. लेड-अ‍ॅसिडवर एक रात्र निघेल, दुसऱ्या दिवशी सोलर किंवा जनरेटर हवाच. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॅट-तास असतात, तिथे हा खर्च जाणवत नाही. तुमचं ऑफिसचं काम ट्रेलरमधून चालणार असेल आणि लॅपटॉप दिवसातून दोनदा भरणार असतील, तर सॉकेटच्या आधी बॅटरीचा विचार करा.

आता वायर. सॉकेटवर ६५ वॅट लिहिलेलं पाहून लोक ते घेतात आणि जवळच्या दिव्याच्या वायरीत जोडून टाकतात. ६५ वॅटच्या यूएसबी-सी सॉकेटला ९० टक्के कार्यक्षमता धरून १२ व्होल्टवर ६ अँपिअर लागतात, १०० वॅटच्या सॉकेटला सव्वानऊ. दिव्यांसाठी कारखान्याने टाकलेली वायर पुष्कळदा १६ किंवा १८ गेजची असते (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक). अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या ५५१व्या कलमात ट्रेलरच्या १२ व्होल्ट वायरींसाठी फ्यूजची मर्यादा दिलेली आहे: १८ गेजला ६ अँपिअर, १६ ला ८, १४ ला १५, १२ ला २० आणि १० गेजला ३०. हे आकडे लिहून फ्यूज पेटीच्या दारावर आतून चिकटवून ठेवा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, सॉकेटला वाचवण्यासाठी नव्हे. म्हणूनच फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकणं हा या कामातला सगळ्यात घातक उपाय आहे: फ्यूज टिकतो आणि भिंतीतली वायर तापते, फोम आणि प्लायवूडच्या मधोमध.

वायर न तापताही काम बिघडू शकतं. समजा बंक फ्यूज पेटीपासून २० फूट लांब आहेत. वीज जाऊन परत येते, म्हणजे तांबं ४० फूट. १४ गेजच्या ४० फुटांचा रोध ०.१ ओहम. ६ अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच गेले. बॅटरी निम्मी उतरून १२.२ वर आली असेल तर सॉकेटपाशी ११.६ पोहोचतात. आणि हे सॉकेट दिव्यासारखं वागत नाही. दिवा कमी व्होल्टला मंद होतो आणि करंटही कमी घेतो. यूएसबी-सी सॉकेटला मात्र लॅपटॉपला ठरलेले वॅट द्यायचेच असतात, म्हणून व्होल्ट घसरले की ते जास्त करंट खेचतं, मग व्होल्ट आणखी घसरतात, आणि शेवटी सॉकेट बंद पडतं किंवा चार्जिंग सारखं चालू-बंद होत राहतं. रात्री नीट चालणारं सॉकेट पहाटे बंद सापडलं तर दोष सॉकेटचा असेलच असं नाही. १२ गेजमध्ये हीच घट ०.३८ व्होल्ट होते, १० गेजमध्ये ०.२४.

तुमच्या ट्रेलरसाठी मी मांडणी अशी करेन. बेडच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक ६५ वॅटचं यूएसबी-सी सॉकेट. टेबलापाशी एक १०० वॅटचं, कारण लॅपटॉपचं काम तिथेच होतं. दोन्ही बंकांवर प्रत्येकी एक ३० वॅटचं, मुलांच्या टॅबलेटला तेवढं भरपूर. सगळी एकदम पूर्ण भारावर चालली तर २९० वॅट, बॅटरीकडून सुमारे २७ अँपिअर. हे जुन्या फ्यूज पेटीच्या रिकाम्या खाचेत कोंबू नका. सहा खाचांची ब्लेड फ्यूजची स्वतंत्र पेटी घ्या, निगेटिव्ह पट्टी जोडूनच आलेली. ती बेडखालच्या कप्प्यात, हात पोहोचेल अशी बसवा. बॅटरीपासून तिथपर्यंत ८ गेजची दोन वायर, आणि पॉझिटिव्हवर बॅटरीपासून १८ इंचांच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज पेटीपाशी बसवला तर बॅटरी ते पेटी एवढी वायर उघडीच राहिली, आणि नेमकी तीच ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली घासते.

पेटीतून बेडच्या दोन सॉकेटना दोन वेगळ्या १२ गेजच्या जोड्या, प्रत्येकी १० अँपिअर फ्यूज. टेबलाला १२ गेज, १५ अँपिअर. दोन्ही बंकांना मिळून एकच १२ गेजची जोडी आणि १० अँपिअर, कारण दोघांचे मिळून साडेपाच-सहा अँपिअरच आहेत. सॉकेटच्या कागदावर याहून लहान फ्यूज लिहिला असेल तर तो पाळायचा. आणि निगेटिव्ह लोखंडी सांगाड्याला जोडून वायर वाचवू नका. नवं असताना चालतं. दोन हिवाळ्यांनी, रस्त्यावरच्या मिठाने स्क्रूखाली गंज चढला की व्होल्ट कुठे जातात ते शोधताना दमछाक होते.

ट्रेलरच्या भिंती घरासारख्या नसतात. बाहेरून पन्हळी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि आत लाकडी चौकट असेल तर काचलोकरीतून वायर ओढता येते. बाहेरून गुळगुळीत फायबरग्लास असेल तर बहुधा ती चिकटवून घट्ट केलेली भिंत आहे: अ‍ॅल्युमिनियमची चौकट, फोम आणि दोन्ही बाजूंना पातळ पापुद्रा. तिच्यातून नवी वायर ओढायचा प्रयत्न करू नका, फोम फाटून भिंत फुगते. तिथे वायर कपाटांच्या आतून, बाकांच्या खालून न्यायची आणि उघड्यावर येईल तिथे चिकटपट्टीचं प्लास्टिक केसिंग लावायचं. मागच्या बंकांपर्यंत खालून जायचं असेल तर बुडाचा प्लास्टिकचा पत्रा थोडा कापून वायर लवचीक नळीतून न्या आणि काप बुडासाठीच्या चिकटपट्टीने बंद करा. ती फट उघडी राहिली तर उंदीर हमखास शिरतात, आणि उंदरांना वायरीचं आवरण फार आवडतं.

गोल सॉकेटला सव्वा इंचाहून किंचित लहान, १ १/८ इंचाचं भोक लागतं. आधी बारीक भोक पाडून आत वाकवलेली तार फिरवून बघा, मागे काही लागत नाही ना. मगच होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारी करवत. जोडणीला आतून चिकट असलेले उष्णतेने आवळणारे क्रिंप (वायरीवर दाबून बसवायचे जोड) वापरा आणि क्रिंपचं पक्कड चांगलं घ्या. साध्या पकडीने दाबलेला क्रिंप ओढून बघितला की निसटतो. प्रत्येक जोड ओढून बघायचाच. वायर न कापता चिमटा लावून जोडणारे निळे-लाल टॅप ट्रेलरमध्ये नकोत. रस्त्यावर ट्रेलर तासन् तास हादरत असतो आणि ते टॅप एकेक बारीक तार कापत जातात.

सॉकेट निवडताना दोन गोष्टी बघा. एक, स्वतःचं बटण असलेलं घ्या. निळा दिवा आणि व्होल्टमीटर असलेलं सॉकेट काही न लावताही वीज खातं. २० मिलीअँपिअर धरले तर पाच सॉकेटचे दिवसाला २.४ अँपिअर-तास, महिनाभर ट्रेलर अंगणात उभा राहिला तर बॅटरी संपली. शिवाय तो निळा दिवा मुलांच्या डोळ्यांवर येतो. दोन, फारच स्वस्त सॉकेट टाळा. त्यांच्या आतलं सर्किट रेडिओलहरी फेकतं. एफएमवर खरखर येते, छतावरच्या अँटेनाचे चॅनल गायब होतात, आणि दोष अँटेनाला दिला जातो. सिगारेट लायटरच्या आकाराचं जुनं सॉकेट एखादं असू द्या, पण त्यावर जास्त भार नको. त्याचा स्पर्श स्प्रिंगवर असतो, हादऱ्याने ढिला होतो आणि तापतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचं सीपॅप (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावायचं यंत्र) त्यावर लावणार असाल तर आधी यंत्राचा व्होल्ट वाचा: काही यंत्रांना २४ व्होल्ट लागतात आणि त्यांचा खास डीसी कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो.

आता १२० व्होल्ट. इथे हात घालण्याआधी रंगांचं बोलायलाच हवं, कारण भारतात वायरिंग पाहिलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. अमेरिकेत १२० व्होल्टमध्ये काळी हीच फेज, पांढरी न्यूट्रल, आणि उघडं तांबं किंवा हिरवी अर्थ. त्यात ट्रेलरची १२ व्होल्ट वायरिंग आणखी गोंधळ घालते: तिथे पांढरी बहुधा निगेटिव्ह असते आणि काळी पॉझिटिव्ह असू शकते, मोटारीच्या अगदी उलट. रंगावर विसंबू नका, मल्टिमीटर लावून ठरवा.

वीज बंद करायचा क्रम: खांबावरचा प्लग काढा, इन्व्हर्टर बंद, सोलर पॅनल असतील तर आधी त्यांची जोडणी काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बॅटरीचा स्विच बंद केला की सगळं बंद झालं असं समजू नका. ब्रेकअवे स्विच (ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणारा) आणि बऱ्याच ट्रेलरमध्ये गॅस डिटेक्टर त्या स्विचच्या आधीच जोडलेले असतात. बाहेरचा प्लग लावलेला राहिला तर बॅटरी काढूनही कन्व्हर्टर १२ व्होल्ट देत राहतो. आणि वायरीजवळ धरल्यावर टीं टीं करणारा टेस्टर फक्त एसी, म्हणजे १२० व्होल्टवाली वीज, ओळखतो, १२ व्होल्ट डीसीवर तो गप्प राहतो.

ट्रेलरमधला जुना पॉइंट घरातल्यासारखा नसतो. स्क्रू ढिले करून तो बाहेर ओढला की दिसतं: मागे बॉक्सच नाही. प्लास्टिकचा बंदिस्त पॉइंट, दोन्ही बाजूंना पंखांसारखे कान, स्क्रू आवळला की ते पॅनलच्या मागे पसरून पकडतात. मागचं झाकण उघडलं तर वायर कुठल्याच स्क्रूला नाही. आवरणासकट ती खाचेच्या पितळी पात्यांत दाबून बसवलेली असते, पाती आवरण कापून तांब्याला टेकतात. कारखान्यात हे झटपट होतं. पण वर्षानुवर्षांच्या हादऱ्याने पाती सैल होतात, टेकण कमी होतं, आणि हीटर किंवा इस्त्रीसारखा भार लावला की तिथेच तापतं. झाकणाच्या आत तपकिरी डाग किंवा पात्यापाशी वितळलेलं आवरण दिसलं तर तो पॉइंट बदलायचाच, आणि वायरीचा भाजलेला भाग कापून टाकायचा. बाथरूम, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या बाजूचे पॉइंट आधी उघडून बघा.

आता सर्रास होणारी चूक. लोक दुकानातून घरगुती यूएसबी रिसेप्टॅकल (भिंतीत बसवायचा प्लग पॉइंट) आणतात आणि त्याच भोकात, बॉक्सशिवाय, पातळ पॅनलला स्क्रूने बसवतात. त्याच्या बाजूचे स्क्रू जिवंत असतात, ते काचलोकरीला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला टेकतात. बॉक्सशिवाय चालतो तो फक्त ट्रेलरसाठीचा बंदिस्त पॉइंट. यूएसबी असलेले तसे पॉइंटही मिळतात, तुमच्यासाठी तेच सोपे. घरगुतीच बसवायचा असेल तर बॉक्स हवा, आणि तिथे जागेची अडचण येते. बाहेरची भिंत दीड इंच जाड, नेहमीचा जुन्या भिंतीत बसवायचा बॉक्स अडीच इंचांहून खोल. उथळ बॉक्स मिळतो, पण त्यात वायर मावायला हव्यात. कोडचा हिशेब असा: १४ गेजच्या प्रत्येक तारेला २ घन इंच, सगळ्या अर्थ मिळून एक, रिसेप्टॅकल दोन तारांइतकं, केबल धरणारी आतली पकड असेल तर आणखी एक. एक केबल येते आणि एक पुढे जाते, म्हणजे ४ + १ + २ + १, आठ गुणिले दोन, १६ घन इंच. १२ गेज असेल तर सव्वादोनने गुणून १८. एवढी जागा उथळ बॉक्समध्ये नसते. अशा वेळी पॉइंट कपाटाच्या बाजूच्या फळीत घ्या, जिथे मागे पोकळी आहे, किंवा भिंतीवर उठून बसणारा बॉक्स लावा.

जोडताना तार बाजूच्या स्क्रूखाली घ्या. मागच्या भोकात नुसती खुपसायची सोय असते, ती हादऱ्याला टिकत नाही. तारांचा ढील कमी असतो. बॉक्समधून सहा इंच तरी मोकळी तार हवी. नसेल तर वॅगो कंपनीच्या २२१ मालिकेतल्या खटक्याच्या जोडांनी बॉक्सच्या आतच वाढवून घ्या, भिंतीत सैल जोड सोडू नका. यूएसबीवालं रिसेप्टॅकल जाडजूड असतं, ते दाबून बसवताना अर्थची उघडी तार फेजच्या स्क्रूला टेकत नाही ना, हे बघा. टेकू नये म्हणून बाजूच्या स्क्रूंवरून इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यावा.

ट्रेलरमध्ये बहुधा एकच जीएफसीआय (वीज गळून झटका बसू लागला की लगेच बंद पडणारा पॉइंट) असतो आणि स्वयंपाकघर, बाथरूम, बाहेरचा पॉइंट असे सगळे त्याच्या पुढे माळेत जोडलेले असतात. तो बदलताना आलेली वायर ‘लाइन’ लिहिलेल्या स्क्रूंना आणि पुढे जाणारी ‘लोड’ लिहिलेल्यांना गेलीच पाहिजे. दोन्ही लाइनला गेल्या तर पुढचे पॉइंट चालतात, पण संरक्षण नसतं, आणि वरून काही कळत नाही. तसंच पॅनलमध्ये न्यूट्रलची पट्टी आणि अर्थची पट्टी एकमेकींना जोडू नका. घराच्या मुख्य पॅनलमध्ये त्या जोडलेल्या असतात म्हणून लोक इथेही जोडतात. मग न्यूट्रलचा करंट ट्रेलरच्या सांगाड्यातून वाहतो, आणि खांबावरचं न्यूट्रल सुटलं तर पायरीवर पाय ठेवणाऱ्याला झटका बसू शकतो.

पॉइंट वाढवले म्हणून अँपिअर वाढत नाहीत. ३० गुणिले १२० म्हणजे ३६०० वॅट, त्यात एसी, विजेवर चालणारा गीझर आणि मायक्रोवेव्ह प्रत्येकी १२ ते १५ अँपिअर घेतात. १८०० वॅटची इंडक्शन शेगडी एकटीच १५ अँपिअर घेते; भाजी टाकली आणि मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणार. १५ चा ब्रेकर काढून २० चा घालणं हा त्यावरचा इलाज नाही, वायर १४ गेजची आहे. घरी ट्रेलरसाठी ३० अँपिअरचा पॉइंट बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला टीटी-३०, १२० व्होल्ट असं लिहून द्या. ३० अँपिअर म्हटलं की कपडे वाळवायच्या मशीनचा २४० व्होल्टचा पॉइंट गृहीत धरला जातो, आणि प्लग लावताक्षणी मायक्रोवेव्हपासून कन्व्हर्टरपर्यंत सगळं जळतं. ट्रेलर जोडण्याआधी मीटरने मोजा.

काम झाल्यावर १२ व्होल्टची तपासणी भार लावूनच करा. बाहेरचा प्लग काढा, लॅपटॉप अर्धा उतरलेला असताना टेबलाच्या सॉकेटला लावा, आणि बॅटरीवर व सॉकेटच्या मागे एकापाठोपाठ एक व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर मीटर एकेका जोडावर, दोन्ही बाजूंना टेकवत पुढे सरका. ज्या जोडावर व्होल्ट दिसतील तो कच्चा. १२० व्होल्टच्या प्रत्येक पॉइंटला तीन दिव्यांचा टेस्टर लावा आणि जीएफसीआयचं टेस्टचं बटण दाबून पुढचे सगळे पॉइंट खरोखर बंद पडतात का ते बघा. मग ट्रेलर दीड-दोनशे मैल ओढून आणा, वीज वर सांगितल्याप्रमाणे तोडा, आणि फ्यूज पेटीचा प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळा. पहिल्या प्रवासानंतर त्यातले एक-दोन पाव आटा तरी फिरतातच.